ऑगस्टअखेर भंडारदरा-रतनवाडी: सोबत वडील आणि लहान मुलगी असताना काय पाहावे, काय सोडावे?

प्रश्न: डोंबिवलीकर

नमस्कार.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात जोडून सुट्ट्या येत असल्याने आम्ही कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या परिसरात तीन दिवस जाण्याचा बेत करीत आहोत. सोबत माझे वडील, माझे यजमान आणि अकरा वर्षांची मुलगी असेल. वडिलांचे वय अडुसष्ट आहे. रोज सकाळी चार किलोमीटर चालण्याचा त्यांचा नेम आहे, मात्र उतार लागला की उजवा गुडघा दुखतो. महाविद्यालयात असताना ते मित्रांबरोबर बारी गावातून कळसूबाई चढले होते आणि वरच्या मंदिराबाहेर बसून त्यांनी शिदोरी सोडली होती. ही आठवण आमच्या घरात इतक्या वेळा सांगितली गेली आहे की माझ्या मुलीला ती तोंडपाठ झाली आहे. नातीला ते शिखर आपणच दाखवायचे, ही त्यांची फार दिवसांची इच्छा आहे.

मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून आम्ही जी यादी केली आहे तिच्यात कळसूबाई, सांदण दरी, रतनगड, हरिश्चंद्रगड, रंधा धबधबा आणि घाटघरचा कोकणकडा एवढे सगळे आहे. यातले या ऋतूत आणि अशा मंडळींना काय जमेल, हे जाणकारांनी कृपया सांगावे. मुलीला धबधब्यात भिजण्याची फार हौस आहे, तर तिला सुरक्षितपणे पाण्यात पाय बुडवता येतील अशी एखादी जागा आहे का? स्वतःची गाडी आणावी की एसटीने यावे, आणि वाटाड्या घेणे खरोखर आवश्यक आहे का, हेही जाणून घ्यायचे आहे.

३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, तेव्हापासून माझ्या आईने पावसाळी सहलींचा धसकाच घेतला आहे. ती आमच्यासोबत येणार नाही, पण आम्ही निघालो की घरी बसून तिच्या जिवाला घोर लागणार. तिला खात्रीने सांगता येईल असा कार्यक्रम आखायचा आहे, म्हणून इतके सविस्तर विचारत आहे.

उत्तर: सह्यपथिक, नाशिक

ताई, आईंची काळजी रास्त आहे, आणि आपण निघण्यापूर्वी विचारले हे फार बरे केले. गेली वीस-बावीस वर्षे मी या भागात दर पावसाळ्यात जातो. आपल्या यादीतले काय ठेवावे यापेक्षा काय काढावे हे आधी सांगतो.

सांदण दरी यादीतून पूर्णपणे काढून टाका. सांदण म्हणजे साम्रद गावाजवळ जमिनीला पडलेली सुमारे दोन किलोमीटर लांबीची भेग आहे. तिच्या भिंती दोनशे-तीनशे फूट उंच आहेत आणि काही ठिकाणी ती इतकी अरुंद होते की दोन्ही हात पसरले तर दोन्हीकडचा कातळ हाताला लागतो. पावसाळ्यात आजूबाजूच्या पठारावरचे पाणी याच भेगेतून कोकणाकडे धावते. आत असताना पाणी वाढले तर बाजूला सरकायला जागाच नसते. तिचा हंगाम पाऊस पूर्ण सरल्यावर, थंडीत सुरू होतो, आणि तेव्हासुद्धा सुरुवातीच्या डोहांमध्ये कमरेपर्यंत पाणी असू शकते. व्हिडिओत दिसणारी कोरडी दरी हिवाळ्यातली किंवा उन्हाळ्यातली असते.

हरिश्चंद्रगडही या वेळी सोडा. पाचनईची वाट त्यातल्या त्यात सोपी आहे, पण गडावरचा कोकणकडा, केदारेश्वराची लेणी आणि मंदिर पाहून परतायचे तर आख्खा दिवस हवा. शिवाय पाचनई हे भंडारदऱ्याच्या जलाशयाभोवतीच्या गावांत येत नाही, त्यासाठी राजूरकडून वेगळा प्रवास करावा लागतो. ढग उतरलेले असताना कोकणकड्याची धार कुठे संपते ते दिसत नाही, आणि लहान मूल सोबत असताना तिथे उभे राहणे मला तरी मान्य नाही.

आता कळसूबाई. १६४६ मीटर, महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर. बारीहून वर जायला सवयीच्या माणसाला तीन तास लागतात आणि कातळटप्प्यांवर लोखंडी शिड्या बसवलेल्या आहेत. चढण्याची ताकद वडिलांमध्ये असेलही, परंतु आपण स्वतःच लिहिले आहे की गुडघा उतरताना दुखतो, आणि ही सगळी वाट म्हणजे उतरताना निसरड्या दगडी पायऱ्या आणि शेवाळलेला मुरूम. सुट्टीच्या दिवशी शिड्यांवर वर जाणारे आणि खाली येणारे समोरासमोर येऊन ओल्या लोखंडाला धरून ताटकळत उभे राहतात. एवढे करून शिखरावर पोहोचलात तर ऑगस्टमध्ये बहुधा दहा फुटांवरचे मंदिरसुद्धा धुक्यात असते. नातीला ज्या जागेवरून सगळे दाखवायचे तिथून काहीच दिसणार नसेल, तर ते शिखर वडिलांनी जानेवारी-फेब्रुवारीसाठी राखून ठेवावे.

रतनगडाबद्दल मी जरा विस्ताराने लिहितो, कारण पाण्याचा खरा धोका मला तिथेच कळला. रतनवाडीहून गडाकडे जाणारी वाट प्रवरेच्या उगमाकडच्या ओढ्याच्या संगतीने जाते आणि तो ओढा पुन्हा पुन्हा ओलांडावा लागतो. काही वर्षांपूर्वी जुलै महिन्यात मी एका खासगी गटाबरोबर गेलो होतो. आम्ही तीसएक जण होतो आणि आयोजकांनी गावातला एकही माणूस सोबत घेतला नव्हता. सकाळी घोट्याएवढ्या पाण्यातून हसतखेळत ओढा ओलांडला. दुपारी परत आलो तेव्हा आमच्या डोक्यावर पाऊस थांबलेला होता, मात्र गडाचा माथा काळ्या ढगात बुडालेला होता. पाणी गुडघ्याएवढेच होते, पण त्याचा रंग बदलून दुधाच्या चहासारखा झाला होता आणि त्यातून ओली पाने, काटक्या, मुळांचे तुकडे वाहत येत होते. आयोजक दोर बांधून एकेकाला पार करण्याची तयारी करू लागले. तेवढ्यात गुरे घेऊन उतरणारे गावातले एक बाबा आमच्यापाशी थांबले. त्यांनी काही न बोलता एक पांढरट दगड उचलला आणि पाण्याच्या अगदी कडेला, जेमतेम कोरड्या जागी ठेवला. पाचेक मिनिटांत दगडाची खालची बाजू भिजली, आणि पाव तास होतो न होतो तोच दगड दिसेनासा झाला. "पाणी उतरू द्या, कोणी मागं लागलेलं नाही," एवढेच ते म्हणाले आणि झाडाखाली बसले. आम्ही तीन तास बसून राहिलो. अंधार पडता पडता पाणी ओसरले, तेव्हा त्यांनीच पुढे होऊन आम्हाला ओढा ओलांडायची जागा दाखवली.

त्या दिवसापासून मी ओढ्याच्या काठी थांबलो की आधी दगड ठेवतो. ऑगस्टपर्यंत डोंगरावरची मातीची पातळ साय पाण्याने पुरती भरलेली असते आणि तिच्याखाली बेसॉल्टचा कातळ असल्यामुळे वर पडलेला जोराचा पाऊस मुरत नाही, तो सरळ ओढ्यात येतो. आपण उभे आहोत तिथे ऊन पडले असले तरी पाणी वाढू शकते. पाणी गढूळ होणे, पालापाचोळा वाहून येणे आणि आवाज जड होणे या तीन खुणांपैकी एक जरी दिसली तरी मुलीला ताबडतोब बाहेर काढून उंच जागी न्या. मग सामान मागे राहिले तरी चालेल.

मग पाहायचे काय, तर भरपूर आहे. शेंडी, मुतखेल, कोलटेंभे, रतनवाडी, साम्रद, घाटघर, पांजरे, मुरशेत आणि परत शेंडी असा जलाशयाला वळसा घालणारा साधारण ४०-४५ किलोमीटरचा रस्ता आहे आणि या दिवसांत त्याच्या दोन्ही बाजूंनी जेवढे धबधबे दिसतात तेवढे मोजणेही शक्य होत नाही. नेकलेस, न्हाणी यांसारखी नावे पडलेले काही आहेत, बाकीचे बिननावाचे आहेत आणि अनेकदा तेच अधिक देखणे असतात. घाटघरच्या कड्याजवळ किंवा साम्रदच्या बाजूला वारा जोरात असेल तर कोकणातून वर चढणारा वारा पडणारे पाणी उलटे उचलून पुन्हा पठारावर फेकतो. ते कठड्याच्या आत राहून पाहा. रंधा धबधबा शेंडीहून राजूरच्या दिशेला, प्रवरेवर आहे. धरणातून पाणी सुटले की तो सुमारे १७० फूट खोल घळईत कोसळतो. भंडारदरा साधारण स्वातंत्र्यदिनाच्या आगेमागे भरते, त्यामुळे आपण जाल तेव्हा रंधा भरात असण्याची शक्यता बरीच आहे. त्याच्या पात्रात उतरण्याचा विचारही मनात आणू नका. धरणाच्या पायथ्याचा अंब्रेला धबधबासुद्धा पाणी सोडले तरच दिसतो. हे धरण १९१० मध्ये बांधायला घेतले आणि १९२६ मध्ये पुरे झाले. वडिलांना बांधकामाची आवड असेल तर ८२ मीटर उंचीची ही दगडी भिंत खालून पाहताना त्यांचा वेळ चांगला जाईल.

उत्तर: रानवाटा, पुणे

वरील उत्तराशी मी जवळजवळ पूर्ण सहमत आहे. मी वनस्पतिशास्त्र शिकवते आणि विद्यार्थ्यांना घेऊन या भागात येत असते, म्हणून एका बाबतीत थोडी वेगळी सूचना करते. रतनगड चढायचा नाही हे खरे, पण रतनवाडीतील अमृतेश्वराच्या मंदिरापासून गडाच्या वाटेने पहिला ओढा लागेपर्यंत चालून परत यायला हरकत नाही. ओढा ओलांडायचा नाही एवढी एकच अट. उघडीप असेल तर हा चालण्याचा भाग वडिलांनाही झेपेल, आणि जंगल म्हणजे काय ते मुलीला मोटारीच्या काचेतून कळणार नाही.

हे अभयारण्य १९८६ मध्ये घोषित झाले आणि त्याचे क्षेत्र ३६१.७१ चौरस किलोमीटर आहे. त्यात गावे आहेत, भाताची खाचरे आहेत, गवताळ सडे आहेत आणि घळींमध्ये हिरडा, जांभूळ, अंजनी अशा झाडांची दाट राने आहेत. अशा रानात शेकरू राहते. आपला राज्यप्राणी असलेली ही मोठी तांबूस खार पावसात फारशी दिसत नाही, पण तिचे काटक्यांचे गोल घरटे उंच फांद्यांच्या बेचक्यात दिसते. मुलीला आधी घरटे शोधायला सांगा. पहाटे मुक्कामाच्या ठिकाणी कोणीतरी माणूस रमतगमत शीळ घालतो आहे असे वाटले, तर तो शीळकरी कस्तूर आहे. ओढ्याकाठी राहणारा हा गडद निळा पक्षी पावसाळ्यात फार गोड गातो.

सोबत एक साधे भिंग अवश्य ठेवा. कातळसड्यावर जिथे बोटभर मातीत पाणी झिरपत असते तिथे गुडघे टेकून पाहिले, तर काडीएवढ्या देठांवर जांभळट-निळी, तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी फुले दिसतात. त्यांना सीतेची आसवे म्हणतात. फूल एवढेसे आणि नाजूक असले, तरी त्याच्या मुळाशी, ओल्या मातीत, सूक्ष्म पिशव्या असतात आणि त्या पाण्यातले अतिसूक्ष्म जीव ओढून घेऊन पचवतात, कारण त्या कातळावरच्या मातीत नत्र फार कमी असते. मी हे सांगितले की मुले पुढचा अर्धा तास उठत नाहीत. तेरडा आणि चवर आपल्याला त्या सुमारास दिसतील. सोनकीचे पिवळे उतार मात्र सप्टेंबरमध्ये खरे बहरतात, त्यामुळे फुलांसाठीच यायचे असेल तर तीन-चार आठवडे थांबणे अधिक चांगले. कारवीची झुडपे उतारांवर सर्वत्र दिसतील, पण ती सात-आठ वर्षांतून एकदाच सामूहिक फुलतात. कारवी या वर्षी फुलणार का, हे गावातल्या माणसांना विचारा. मध गोळा करणाऱ्यांचे त्याकडे बरोबर लक्ष असते.

काजव्यांबद्दल आपण विचारले नाही, तरीही सांगते, कारण ऑगस्टमध्ये काजवे पाहायला मिळतील अशा समजुतीने येऊन निराश झालेली कुटुंबे मला भेटली आहेत. काजव्यांचा काळ मेअखेरपासून जूनच्या मध्यापर्यंत, पहिल्या मोठ्या पावसाच्या आधीचा.

एक सावधगिरी मनापासून सांगते. चढावर आधारासाठी फांदी धरण्यापूर्वी ती फांदी नीट पाहावी. पावसाळ्यात चापडा नावाचा हिरवा विषारी साप झुडपांच्या फांद्यांवर, बहुतेक वेळा कमरेच्या किंवा खांद्याच्या उंचीवर, न हलता बसलेला असतो आणि पानांच्या रंगात अगदी मिसळून जातो. तो आपण होऊन अंगावर येत नाही, परंतु त्याच्यावर हात पडला तर चावतो. मुलीला फांद्या धरू देण्याऐवजी काठी द्या आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घाला.

उत्तर: रतनवाडी परिसर

सर्वांना नमस्कार. आमचे घर या पंचक्रोशीत आहे. आम्ही शेती करतो आणि घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना देतो. जाहिरात करण्यासाठी हे लिहीत नाही, म्हणून आमचा पत्ता देत नाही. शेंडी, मुरशेत, रतनवाडी, साम्रद, घाटघर अशा बहुतेक गावांत घरगुती सोय मिळते, फक्त सुट्टीच्या दिवसांत आधी बोलून ठेवावे.

ताई, गाडी आणायला हरकत नाही. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी-आमणे टप्पा २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून आपल्या बाजूने इगतपुरीपर्यंतचा प्रवास सोपा झाला आहे. तिथून घोटी, बारी आणि शेंडी. मात्र जलाशयाच्या वळशाचा रस्ता अरुंद आहे, धुके उतरले की समोरच्या गाडीचे दिवेही उशिरा दिसतात आणि शनिवारी दुपारनंतर रतनवाडीच्या बाजूला गाड्यांची रांग लागते. म्हणून शक्य असल्यास शुक्रवारी मुक्कामाला यावे, शनिवारी सकाळी सात वाजता वळसा सुरू करावा आणि दुपारी जेवणापर्यंत घरी परतावे. एसटीने यायचे असेल तर कसारा किंवा इगतपुरीपर्यंत रेल्वेने येऊन पुढे घोटीमार्गे शेंडीपर्यंत येता येते, परंतु वळशाच्या गावांसाठी शेंडीहून जीप ठरवावी लागते. अभयारण्यात शिरताना नाक्यावर शुल्क घेतात, त्याची पावती दिवसभर जवळ ठेवा. जोराच्या पावसाचा इशारा असला की प्रशासन काही धबधबे आणि वाटा बंद करते. तसे झाले असेल तर नाक्यावरच्या माणसांशी हुज्जत घालू नका, ती आमच्याच गावची मुले असतात आणि वाहून गेलेल्या माणसाला शोधायलाही त्यांनाच पाण्यात उतरावे लागते.

वाटाड्या घ्यावा का, असे आपण विचारले. घ्यावा. कालचा पाऊस किती होता, कोणत्या ओढ्यावरची फळी वाहून गेली, कोणत्या उतारावर दरड सुटली आहे, हे आज सकाळी तिथून आलेल्या माणसालाच ठाऊक असते. भाताचा हंगाम सोडला तर आमच्याकडे रोजगार थोडा आहे. हिरड्याच्या वेळी हिरडा गोळा करून विकतो, थोडी नाचणी-वरई होते, आणि बाकी तरुण मुले कामासाठी नाशिक-मुंबईकडे जातात. पाहुण्यांसोबत चालून दोन पैसे मिळाले तर तेवढे दिवस मुलगा घरी राहतो.

मुलीला पाण्यात खेळायचे आहे, तर धबधब्याच्या खाली तिला उभे करू नका. वरून पाण्याबरोबर दगड येतो, आणि तो येताना दिसत नाही. आमच्या खाचरांच्या कडेने जे पाट वाहतात त्यांत घोट्याएवढे स्वच्छ पाणी असते. मुक्कामाच्या घरच्या बाईमाणसांना विचारा, त्या जागा दाखवतील. खेकडे कसे धरायचे तेही आमची मुले शिकवतील, ते तिला धबधब्यापेक्षा जास्त आवडेल. फक्त बांधावरून उड्या मारत चालू नये. आवणी, म्हणजे भाताची लावणी, करताना चिखलाने लिंपलेला बांध पाय पडून फुटला की खाचरातले पाणी निघून जाते, आणि मग भर पावसात रात्री उठून तो पुन्हा घालावा लागतो. गेल्या वर्षी फोटो काढण्यासाठी उतरलेल्या मंडळींनी आमचे दोन बांध एकाच दुपारी फोडले. ते माफी मागून गेले, पण भात पडले ते पडलेच.

आणखी एक विनंती. गाडीत मोठ्याने गाणी लावू नका आणि प्लास्टिक परत घेऊन जा. आमची गुरे ओल्या पिशव्यांना चिकटलेले अन्न खातात.

डोंबिवलीकर

तिघांचेही मनःपूर्वक आभार. सांदण, रतनगड आणि हरिश्चंद्रगड आम्ही काढून टाकले आहेत. कळसूबाईबद्दल वडिलांशी बोलणे मात्र मला जड जात आहे. ते म्हणतात की आपण वरपर्यंत जाणार नाही, पण बारीपर्यंत येऊन कळसूबाईला पाठ दाखवून परत जाणार नाही. त्यांचे मन राखता येईल असा काही मधला मार्ग आहे का?

सह्यपथिक, नाशिक

आहे, आणि तो गावानेच काढून ठेवलेला आहे. ज्यांना चढणे शक्य नाही त्यांच्यासाठी बारीच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याजवळ देवीचे मंदिर आहे. नवरात्रात शिखरावर जत्रा भरते तेव्हा अनेक वयस्कर मंडळी खालीच ओटी भरून परततात. गावातून तिथपर्यंत खाचरांमधून आणि ओढ्याच्या बाजूने वाट जाते. पाणी जास्त असेल तर गावातल्या माणसाला सोबत घ्या. चढ सुरू होतो तिथे थांबा आणि ढग हटण्याची वाट पाहा. तासाभरात एकदा तरी वरचा कातळ दिसतो, आणि नजर चांगली असेल तर शिड्यांचा टप्पाही ओळखता येतो. वडिलांना गुडघ्याचा पट्टा आणि दोन काठ्या द्या. एक काठी पुरत नाही, उतारावर वजन दोन्हीकडे वाटले गेले पाहिजे.

डोंबिवलीकर

आम्ही काल रात्री परत आलो. ज्यांनी वेळ काढून लिहिले त्यांना वृत्तान्त कळवणे माझे कर्तव्य आहे.

शुक्रवारी संध्याकाळी शेंडीला पोहोचलो आणि शनिवारी सातला निघून उजाडल्या उजेडात वळसा घातला. घाटघरच्या कड्यावर पहिली वीस मिनिटे पांढऱ्या ढगाशिवाय काही दिसले नाही. मग वारा सुटला आणि समोरच्या धबधब्याचे पाणी खाली पडण्याऐवजी मागे उडून आमच्या तोंडावर येऊ लागले. वडील चष्मा पुसत राहिले आणि मुलगी ओरडत राहिली. रतनवाडीत अमृतेश्वराच्या मंदिरावरचे कोरीव काम पाहायला आम्ही तासभर थांबलो, कारण पाऊस वाढला होता. त्यानंतर गावातील एका दादांसोबत गडाच्या वाटेने ओढ्यापर्यंत गेलो. तिथे मुलीने स्वतःहून पाण्याच्या कडेला दगड ठेवला. दगड कोरडाच राहिला, तरीही आम्ही ओलांडले नाही. परतीच्या वाटेवर सीतेची आसवे सापडली आणि भिंगावर पावसाचे थेंब पडून पडून ते सारखे पुसावे लागले. शेकरू दिसले नाही, मात्र दादांनी त्याची तीन घरटी दाखवली.

रविवारी सकाळी बारीला थांबलो. पायथ्याच्या देवीसमोर वडिलांनी नारळ फोडला आणि बाहेरच्या ओल्या दगडावर घरून आणलेली चटणी-भाकरी सोडून बसले. शिखर शेवटपर्यंत ढगातच होते. निघण्याच्या जरा आधी शिड्यांचा कातळ काही क्षण उघडा पडला, तेव्हा त्यांनी नातीच्या खांद्यावर हात ठेवून आपण त्या काळी कुठून कसे चढलो ते बोटाने दाखवले. घरी आल्यावर आईने सर्वांचे ओले कपडे मोजून घेतले आणि मगच जेवायला वाढले.

फेब्रुवारीत कळसूबाई चढायचे ठरले आहे. गुडघ्यासाठी वडिलांनी आतापासूनच वैद्यांना विचारून व्यायाम सुरू केला आहे. बारीला मुक्काम केल्यास पहाटे किती वाजता चढायला लागावे, म्हणजे ऊन चढण्याआधी ते सावकाश वर पोहोचतील?

रतनवाडी परिसर

साडेचारला उठवा आणि पाचला निघा. पहिला तास विजेरीच्या उजेडात खाचरांतून आणि झाडीतून जातो, चढावर उजाडते आणि वडील थांबत थांबत गेले तरी नऊच्या सुमारास वर पोहोचतील. फेब्रुवारीत वर वारा फार गार असतो, त्यांच्यासाठी कानटोपी आणि एक जाड शाल पाठीवरच्या पिशवीत ठेवा. उतरताना घाई करू नका, खाली यायला चढण्याइतकाच वेळ लागेल असे धरून चाला.